मोटार मंदावताना वीज का उसळते?



विजेची मोटार सुरू होताना तिला एकदम पुष्कळ वीज लागते, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. शेजारच्या मळ्यात पंप सुरू झाला की घरातला दिवा क्षणभर मंद होतो, तो याच कारणाने. पण मोटारीचा वेग कमी करतानाही वीज उसळते, असे कोणी सांगितले तर? तुम्ही लगेच म्हणाल, "हे कसे शक्य आहे? वेग कमी करायचा म्हणजे वीज कमी द्यायची. मग प्रवाह वाढेल कसा?"

शंका रास्त आहे. तरीही हे घडते. विजेच्या दुचाकीत घडते, कारखान्यातल्या यंत्रात घडते, आणि विज्ञान प्रदर्शनासाठी तुम्ही तयार केलेल्या प्रतिकृतीतही घडू शकते. मोटार छान फिरत असते. वेगाची कळ झटक्यात मागे घेतली की मापकाचा काटा उलटीकडे फेकला जातो, नियंत्रक बंद पडतो, कधीकधी जळूनही जातो. नवी मोटार आणि नवा नियंत्रक असूनही असे का व्हावे? चला, मुळापासून पाहू या.

उतारावरची गाडी

वाशीम जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा निर्माण झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. वाशीम शहर पठारावर आहे, तर अकोला शहर पूर्णेच्या खोऱ्यात, बरेच खाली. दोन्हींच्या उंचीत सुमारे अडीचशे मीटरचा फरक आहे. म्हणून वाशीमहून मालेगाव, मेडशी, पातूर अशा रस्त्याने अकोल्याकडे जाताना वाहन एकूण अडीचशे मीटर खाली उतरते.

आता समजा, या रस्त्याने विजेची एक दुचाकी चालली आहे. दुचाकी आणि चालक मिळून वजन १५० किलो. अडीचशे मीटर खाली येताना गुरुत्वाकर्षणामुळे किती ऊर्जा मोकळी होईल? वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार करा: १५० × ९.८ × २५० म्हणजे ३,६७,५०० ज्यूल. आकडा मोठा दिसतो ना? पण वीजबिलावरचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. तेव्हा ही सगळी ऊर्जा एका युनिटाचा जेमतेम दहावा भाग भरते. त्यातलीही बरीचशी वाऱ्याशी आणि रस्त्याशी झगडण्यात खर्च होते.

सपाट रस्त्याचाही हिशेब करून ठेवू. हीच दुचाकी ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने धावत असेल, तर तिची गतिज ऊर्जा ७,५०० ज्यूल असते. दुचाकी थांबवायची म्हणजे ही ऊर्जा तिच्यातून काढून घ्यायची. हे काम १५ सेकंदांत केले तर दर सेकंदाला ५०० ज्यूल, म्हणजे ५०० वॅट शक्ती बाहेर पडते. तेच काम ३ सेकंदांत केले तर २,५०० वॅट! ऊर्जा तेवढीच, पण घाई पाचपट, म्हणून शक्तीही पाचपट. हा मुद्दा लक्षात ठेवा. वीज उसळण्याच्या गोष्टीत ऊर्जेपेक्षा घाईचा दोष मोठा असतो.

साध्या ब्रेकमध्ये ही ऊर्जा घर्षणाने उष्णता होऊन जाते. उतारावरून आलेल्या सायकलच्या रिमला हात लावला तर ती गरम लागते. पण मोटारीनेच वेग आवरला तर ही ऊर्जा कोठे जाते?

मोटार आणि जनित्र: सख्खी भावंडे

इंग्लंडमध्ये मायकेल फॅराडे यांनी १८३१ साली दाखवून दिले, की तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला तर वेटोळ्यात वीज निर्माण होते. याच तत्त्वावर जनित्रे चालतात. मोटारीत काय असते? तारांची वेटोळी आणि चुंबक! म्हणजे मोटार आणि जनित्र यांच्या अंगात हाडामांसाचा फरक नाही. एकाला वीज दिली की ते फिरते. दुसऱ्याला फिरवले की ते वीज देते.

ही गोष्ट लोकांच्या नजरेत भरली ती १८७३ साली व्हिएन्नाच्या मोठ्या प्रदर्शनात. ग्रॅम नावाच्या संशोधकाची जनित्रे तेथे मांडली होती. त्यांतील एका यंत्राची वीज दुसऱ्या यंत्राला जोडताच ते दुसरे जनित्र मोटारीप्रमाणे फिरू लागले.

आता खरी गंमत ऐका. मोटार वीज घेऊन फिरत असते, तेव्हाही तिच्यातील जनित्र झोपलेले नसते! वेटोळ्यांजवळून चुंबक फिरतच असतात, त्यामुळे वेटोळ्यांत वीजदाब निर्माण होतच असतो. तो बाहेरून दिलेल्या दाबाच्या विरुद्ध असतो. पुस्तकात याला विरोधी विद्युतचालक बल असे भारदस्त नाव आहे. आपण त्याला 'विरोधी दाब' म्हणू. मोटार जितकी वेगाने फिरेल तितका हा विरोधी दाब जास्त. मोटार स्थिर असेल तर तो शून्य.

म्हणजे मोटारीच्या तारांत जणू रस्सीखेच चाललेली असते. एका बाजूला बॅटरीचा दाब, दुसऱ्या बाजूला विरोधी दाब. प्रवाह ठरतो तो या दोघांतील तफावतीवर. ओहमचा नियम तुम्हांला ठाऊक आहे. तफावतीला तारांच्या रोधाने भागा, प्रवाह मिळेल.

ब्रश गेले, ट्रँझिस्टर आले

जुन्या पद्धतीच्या मोटारीत फिरत्या वेटोळ्यांना वीज पोहोचवण्यासाठी कार्बनचे ब्रश असतात. ते कम्यूटेटरवर घासत राहतात, झिजतात, ठिणग्या उडवतात. बिनब्रशच्या मोटारीत रचना उलटी केली आहे. वेटोळी जागेवर स्थिर, आणि चुंबक फिरते. त्यामुळे घासण्याचे कामच उरले नाही. आजच्या बहुतेक विजेच्या दुचाकींत आणि थोडक्या विजेवर चालणाऱ्या नव्या छतपंख्यांत अशीच मोटार असते.

पण एक अडचण येते. कोणत्या वेटोळ्याला केव्हा वीज द्यायची हे काम पूर्वी ब्रश आणि कम्यूटेटर करीत. आता ते कोण करणार? त्यासाठी नियंत्रक असतो. त्यात सहा ट्रँझिस्टर, किंवा सहांचे गट, असतात. चुंबक कोठे आहे हे बारीक संवेदक सांगतात, आणि त्याप्रमाणे ट्रँझिस्टर वेटोळी पाळीपाळीने जोडतात व तोडतात.

वेगही हेच ट्रँझिस्टर ठरवतात. ते सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात. बॅटरी ४८ व्होल्टची असेल आणि ट्रँझिस्टर निम्मा वेळ चालू, निम्मा वेळ बंद ठेवला, तर मोटारीला सरासरी २४ व्होल्ट मिळतात. तीन चतुर्थांश वेळ चालू ठेवला तर ३६ व्होल्ट. दुचाकीची मूठ पिळता तेव्हा तुम्ही याच वेळेचे प्रमाण बदलत असता.

आता थोडा हिशेब करू

हिशेबाला सोपे जावेत असे आकडे घेऊ. बॅटरी ४८ व्होल्टची, मोटारीच्या तारांचा रोध ०.२ ओहम.

सुरुवात: मोटार स्थिर आहे, विरोधी दाब शून्य. अशा वेळी पूर्ण ४८ व्होल्ट दिले तर प्रवाह किती? ४८ भागिले ०.२, म्हणजे २४० अँपिअर! म्हणूनच नियंत्रक सुरुवातीला दाब हळूहळू वाढवतो. पंप सुरू होताना दिवा मंद होण्याचे कारणही हेच.

वेगात: मोटार जोरात फिरते आहे, विरोधी दाब ४० व्होल्ट झाला आहे. तफावत उरली ८ व्होल्ट. प्रवाह ४० अँपिअर. सारे ठीक आहे.

आता तुम्ही मूठ एकदम अर्ध्यावर आणली. मोटारीला मिळणारा सरासरी दाब क्षणात २४ व्होल्ट झाला. पण मोटारीचा वेग क्षणात कसा कमी होईल? चाक जड आहे, त्याला जडत्व आहे. ते अजून पहिल्याच वेगाने फिरते आहे, म्हणून विरोधी दाब अजून ४० व्होल्टच आहे. तफावत काढा: २४ वजा ४० म्हणजे उणे १६ व्होल्ट. प्रवाह उणे ८० अँपिअर!

उणे म्हणजे उलटा. रस्सीखेचीत आता मोटारीची बाजू जिंकली. मोटार जनित्र झाली आणि वीज बॅटरीकडे ढकलू लागली. आधी ४० अँपिअर जात होते, आता त्याच्या दुप्पट उलटे येऊ लागले. तुम्ही वेग कमी केलात आणि वीज उसळली, ती अशी.

सुरू होतानाची उसळी आणि मंदावतानाची उसळी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे आता ध्यानात आले ना? दोन्हींचे कारण एकच. दिलेला दाब आणि विरोधी दाब यांत एकाएकी मोठी तफावत पडते.

मग उपाय कोणता? तफावत मोठी पडू द्यायची नाही. समजा, नियंत्रकाने दाब ४८ वरून थेट २४ वर न नेता ३८ वर आणला. तफावत फक्त २ व्होल्ट, उलटा प्रवाह फक्त १० अँपिअर. चाक जरा मंदावले, विरोधी दाब ३९ झाला, की दाब ३७ करायचा. असे पायरीपायरीने उतरायचे. जिना उतरावा तसे. माडीवरून उडी मारल्यासारखे नव्हे.

यात आणखी एक फायदा दडला आहे. ८० अँपिअर उसळले तेव्हा विरोधी दाबाने ४० × ८० म्हणजे ३,२०० वॅट शक्ती निर्माण केली. त्यांपैकी १,२८० वॅट मोटारीच्या तारा तापवण्यात गेली आणि १,९२० वॅट बॅटरीकडे परतली. म्हणजे रुपयातले साठ पैसे हाती आले. उलट १० अँपिअरच्या वेळी निर्माण झाली ४०० वॅट, तारांत गेली फक्त २० वॅट, आणि परतली ३८० वॅट. रुपयातले पंचाण्णव पैसे हाती!

आणि तिसरी तऱ्हा पाहा. मोटारीच्या तारा एकमेकींना जोडूनच टाकल्या, म्हणजे दिलेला दाब शून्य केला तर? प्रवाह २०० अँपिअर, शक्ती ८,००० वॅट, आणि परत मिळणार काहीच नाही. सारी उष्णता तारांत आणि ट्रँझिस्टरांत. मोटारीतून धूर निघायला फार वेळ लागायचा नाही.

चाळिसाची वीज अठ्ठेचाळिसात कशी शिरली?

तुमच्यातील एखादा चौकस विद्यार्थी इथे हात वर करील: "मोटारीचा दाब ४० व्होल्ट, बॅटरीचा ४८. पाणी खालून वर चढत नाही, तशी कमी दाबाची वीज जास्त दाबाच्या बॅटरीत शिरेल कशी?"

उत्तम प्रश्न! याचे उत्तर वेटोळ्याच्या एका खोडीत आहे. वेटोळ्यातून वाहणारा प्रवाह एकदम थांबायला तयार नसतो. जाड नळातून पाणी जोरात वाहत असताना तोटी धाडकन बंद केली, तर नळात 'ठक्' असा आवाज होतो. वाहत्या पाण्याला एकदम अडवल्याने क्षणभर त्याचा दाब खूप वाढतो, त्याचा तो आवाज. वेटोळ्याचेही तसेच. ट्रँझिस्टरने क्षणभर मोटारीच्या तारा एकमेकींना जोडल्या की प्रवाह वाढू लागतो. मग ती वाट बंद केली की प्रवाहाला थांबता येत नाही. वेटोळे आपला दाब वाढवते आणि प्रवाह बॅटरीत ढकलते. सेकंदाला हजारो वेळा हेच घडते. वेग कमी करण्यासाठी नियंत्रकाची जी उघडझाप चालते, तिच्यातूनच हा चढाव साधला जातो.

सगळेच नियंत्रक असे करीत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. काही साधे नियंत्रक मूठ सोडली की सर्व ट्रँझिस्टर बंद ठेवतात. मग ४० व्होल्टला ४८ व्होल्टचा चढ चढता येत नाही, उलटा प्रवाह वाहत नाही, आणि चाक आपल्या गतीने फिरत हळूहळू मंदावते. बिनब्रशच्या छतपंख्याची कळ बंद केल्यावर पाती बराच वेळ घुमत राहतात, ते तुम्ही पाहिलेच असेल. तिथे ब्रेक लावण्याचे काम वाराच करतो. शेतातल्या पंपाचीही गत निराळी. वीज कमी होताच अंगावरचे पाणीच त्याला आवरते, त्यामुळे उसळायला गतिज ऊर्जा फारशी शिल्लक राहत नाही. उसळीचा त्रास होतो तो जड चाक, जड तबकडी किंवा उतारावरची गाडी मोटारीला जोडलेली असेल तेव्हा.

परतीची वाट बंद असेल तर?

आतापर्यंत आपण धरून चाललो, की परतणारी वीज बॅटरी घेईल. पण घेणारा कोणी नसेल तर काय होईल?

प्रदर्शनातली प्रतिकृती घ्या. मोटारीवर २ किलो वजनाची, १० सेंटिमीटर त्रिज्येची लोखंडी तबकडी आहे आणि ती मिनिटाला १,५०० फेरे घेते आहे. तिच्यात सुमारे १२३ ज्यूल गतिज ऊर्जा साठलेली असते. बॅटरीऐवजी आपण घरच्या विजेवर चालणारा २४ व्होल्टचा अॅडॅप्टर जोडला आहे. अॅडॅप्टरमध्ये डायोड असतात. डायोड म्हणजे एकाच बाजूला उघडणारे दार. वीज बाहेर येईल, आत जाणार नाही. मग परतलेली वीज जाणार कोठे? वाटेत एक कपॅसिटर, म्हणजे धारित्र, बसलेले असते, तेवढीच काय ती जागा. समजा ते १,००० मायक्रोफॅरडचे असून ३५ व्होल्टपर्यंत सोसणारे आहे. २४ पासून ३५ व्होल्टपर्यंत चढताना ते किती ऊर्जा घेईल? फक्त ०.३२ ज्यूल! बारा डझन माणसांनी एका खुर्चीवर बसायला धावावे, तशी ही स्थिती झाली. वेग थोडासा उतरतो न उतरतो तोच दाब ३५ व्होल्टच्या पलीकडे जातो. चांगला नियंत्रक असेल तर तो धोका ओळखून बंद पडतो. तशी सोय नसेल तर ट्रँझिस्टर किंवा धारित्र फुटते.

दुचाकीतही असा प्रसंग येऊ शकतो. लिथियमची बॅटरी काठोकाठ भरली की तिला आणखी वीज देणे धोक्याचे असते. म्हणून तिच्यातील संरक्षक मंडल ती वीज घेणे बंद करते. आता कल्पना करा, एखाद्याने घाट उतरण्यापूर्वी बॅटरी पूर्ण भरून घेतली आहे आणि उतार लागताच तो मोटारीच्या ब्रेकवर विसंबून आहे. परतणाऱ्या विजेला जागा नाही! चांगल्या वाहनात नियंत्रक हे आधीच ओळखतो आणि वीज परतवणारा ब्रेक सौम्य करतो किंवा बंद ठेवतो. चालकाला मात्र नेहमीचा ब्रेक एकाएकी कमी लागतो असे वाटते. म्हणून घाटात हातापायाचे ब्रेक नीट असलेच पाहिजेत, आणि उतारापूर्वी बॅटरीत थोडी जागा शिल्लक ठेवणे शहाणपणाचे. हा केवळ यंत्राचा प्रश्न नाही, जिवाचा आहे.

दोष शोधावा कसा?

डॉक्टर औषध देण्यापूर्वी चार प्रश्न विचारतात. आपणही तसेच करू.

पहिला प्रश्न: उसळी नेमकी केव्हा येते? वेग कमी करण्याची आज्ञा देताच, की थोड्या वेळाने? आज्ञेबरोबर आली तर घाईचा संशय घ्या. वेग उतरवण्याचा वेळ दुप्पट करून पाहा. ब्रेकचा जोर प्रवाहाच्या प्रमाणात असतो, आणि दुप्पट वेळात थांबायला निम्मा जोर पुरतो. तेव्हा उसळीही साधारण निम्मी झाली पाहिजे. तशी झाली, तर रोग सापडला.

दुसरा प्रश्न: पुरवठ्याचा दाब वाढतो का? व्होल्टमापक पुरवठ्याच्या दोन टोकांना लावून ठेवा. वेग कमी करताना २४ चे २८, ३० होऊ लागले तर समजा, की परतीची वाट अडली आहे. त्यावर उपाय तीन. अॅडॅप्टरऐवजी वीज परत घेऊ शकणारी बॅटरी लावावी. किंवा दाब ठराविक मर्यादेपलीकडे जाताच जास्तीची वीज एका मोठ्या रोधकात जाळावी. कारखान्यांत असे ब्रेक-रोधक सर्रास वापरतात. तेही नको असेल तर मोटारीला ब्रेक न लावता आपल्या गतीने मंदावू द्यावे.

तिसरा प्रश्न: वेग ठरलेल्या आकड्यावर येऊन स्थिरावतो, की वरखाली हेलकावे खातो? स्वयंचलित वेगनियंत्रक असेल तर तो सतत दोन आकडे ताडून पाहतो: हवा असलेला वेग आणि प्रत्यक्ष वेग. दोहोंत फरक दिसला की तो दुरुस्ती करतो. पण तो फार उतावळा ठेवलेला असेल तर वेग जास्त दिसताच करकचून ब्रेक लावतो, वेग गरजेपेक्षा खाली जातो, मग घाबरून जोरात वीज देतो, वेग पुन्हा वर जातो. नवशिका सायकलस्वार हँडल सारखे इकडेतिकडे वळवतो ना, तसे. अशा वेळी उसळी एक नसते, दोन्ही दिशांना ओळीने येत राहतात. उपाय म्हणजे नियंत्रकाचा उतावळेपणा कमी करणे, आणि उलट्या प्रवाहालाही मर्यादा घालणे. जाणाऱ्या प्रवाहाला मर्यादा घातली पण परतणाऱ्या प्रवाहाला घालायची राहिली, असे पुष्कळदा आढळते.

चौथा प्रश्न: वेग अगदी सावकाश कमी केला तरी धक्के बसतात का? बसत असतील तर दोष घाईचा नाही. चुंबकाची जागा सांगणाऱ्या संवेदकांच्या तारा उलटसुलट जोडल्या असतील किंवा एखादा संवेदक ढिला झाला असेल. मग चुकीच्या वेळी चुकीच्या वेटोळ्याला वीज मिळते, आणि दाब व विरोधी दाब यांची सांगड बिघडते.

या चार प्रश्नांचा क्रम सोडू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय फरक पडला ते वहीत लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कोणत्या औषधाने गुण आला ते कळणार नाही.

घाटातली रेल्वे

परतणाऱ्या विजेला शत्रू समजू नका. तिला योग्य वाट दिली तर ती मित्र होते. याचा धडा महाराष्ट्रातील घाटांनी फार पूर्वी दिला आहे. मुंबईहून पुण्याकडे जाताना बोरघाट आणि नाशिककडे जाताना थळघाट लागतो. तेथे रेल्वेचा चढ ३७ मीटरला १ मीटर इतका कडक आहे. १९२९-३० च्या सुमारास या मार्गांवर विजेची एंजिने धावू लागली. उतारावर मोटारींची जनित्रे करून वीज वरच्या तारेत परत पाठवण्याची सोय मालगाड्यांच्या एंजिनांत केलेली होती. त्या मोटारी ब्रशच्या होत्या, पण तत्त्व आपण पाहिले तेच.

ती परतलेली वीज घेणार कोण? त्याच वेळी घाट चढणारी दुसरी गाडी! एक गाडी उतरताना दुसरीला वर चढायला हात देते. किती हात देते पाहायचे असेल तर आपला वाशीम ते अकोला हा हिशेब पुन्हा करा. दुचाकीऐवजी हजार टनांची गाडी अडीचशे मीटर उतरली असे धरा. उत्तर येईल सुमारे ६८० युनिट. घर्षण आणि तारांतील नुकसान वजा केले तरी ही वीज वाया घालवण्यासारखी खासच नाही. आजच्या नव्या रेल्वे एंजिनांत आणि मुंबईच्या लोकलगाड्यांत बिनब्रशच्या मोटारी असतात, आणि त्याही थांबताना वीज परत करतात.

करून पाहा

मोडक्या खेळण्यातील एक लहान मोटार मिळवा. तिच्या दांड्यावर जाड पुठ्ठ्याची तबकडी घट्ट बसवा. तारा मोकळ्या ठेवून तबकडीला बोटाने फिरकी द्या आणि ती किती वेळ फिरते ते मोजा. आता दोन्ही तारांची टोके एकमेकींना जोडा आणि तेवढीच फिरकी द्या. तबकडी लवकर थांबेल. ब्रेक कोणी लावला? मोटारीनेच! मग तशीच दुसरी मोटार पहिलीला जोडा. पहिलीच्या दांड्याला दोरा गुंडाळून झपकन ओढा. दुसरी मोटार हलेल. व्हिएन्नाचे प्रदर्शन तुमच्या टेबलावर!

हे प्रयोग खेळण्यातल्या मोटारींवरच करा. दुचाकीची बॅटरी किंवा नियंत्रक मात्र स्वतः उघडू नका. त्यांतील प्रवाह जीवघेण्या आगीला कारण होऊ शकतो.

आणि जाता जाता एक कोडे. वरच्या हिशेबात नियंत्रकाने दाब ४८ वरून ३८ वर आणला तेव्हा पंचाण्णव टक्के शक्ती परत मिळाली. ३८ ऐवजी ३० व्होल्ट केले असते तर किती टक्के मिळाली असती? कागदावर मांडून पाहा. उत्तर काढताना एक सोपा नियम तुमचा तुम्हांलाच सापडेल.